जपानमध्ये भाड्याच्या घरात राहताना : शेजारधर्म

कासाईकर (धागाकर्ती)

मार्च-एप्रिल म्हणजे इथे घरं बदलायचा मोसम. तोक्योच्या निशिकासाईत, आमच्या यूआरच्या, म्हणजे भाड्याने घरं देणाऱ्या निमसरकारी संस्थेच्या, वसाहतीत यंदाही बरीच भारतीय कुटुंबं राहायला आली आणि त्यांत मराठी मंडळी भरपूर आहेत. व्हिसा, शाळा, भारतीय किराणा या विषयांवर इथे आधीच धागे आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कसं राहावं यावर मात्र धड काही सापडलं नाही. माझ्या मते परक्या देशातल्या भाड्याच्या घरात जीव रमतो की नाही हे बरंचसं त्यावरच ठरतं. मी आमच्या रहिवासी संघाचं, म्हणजे जिचिकाईचं काम काही वर्षं करते आहे. त्यामुळे आपल्या लोकांचंही ऐकते आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जपानी आजी-आजोबांचंही.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. इथे तक्रार दारात येत नाही. आपल्याकडे वर कुणी अवेळी वरवंटा फिरवला तर खालच्या काकू सरळ वर येऊन बेल वाजवतात, दोन शब्द होतात आणि विषय संपतो. इथला शेजारी आधी पुष्कळ दिवस सोसतो आणि मग थेट मॅनेजमेंट कंपनीला फोन करतो. कंपनी कुणाचंही नाव न घेता लिफ्टशेजारच्या फलकावर कागद लावते, 'रात्री पावलांचा आणि वॉशिंग मशीनचा आवाज येत असल्याचं कळलं आहे, सर्व रहिवाशांनी कृपया काळजी घ्यावी.' कधी तोच कागद सगळ्यांच्या टपालपेटीत पडतो. नव्या माणसाला जपानी वाचता येत नाही, आणि वाचता आलं तरी 'सर्व रहिवाशांनी' हे आपल्याला उद्देशून आहे असं मनातही येत नाही. मग दुसरा कागद लागतो, नंतर आपल्यालाच फोन येतो. तोवर खालच्या माणसाचा संयम संपलेला असतो. आपल्याला मात्र वाटतं, कालपर्यंत लिफ्टमध्ये हसून वाकणारा माणूस आज अचानक उलटला.

म्हणून फलकावरच्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून फोनवर भाषांतर करून वाचा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यातच आपणहून शेजाऱ्यांकडे जा. डावं-उजवं घर, वरचं आणि खालचं. खालचं तर अजिबात चुकवू नका, कारण आपला आवाज सगळ्यात जास्त तिथे जातो. सोबत पाचशे ते हजार येनची छोटी भेट न्यायची पद्धत आहे. छोटा टॉवेल, कपडे धुण्याचा साबण, स्वयंपाकघरातली प्लास्टिकची रॅप असं काहीही चालतं. खाऊच न्यायचा तर दुकानातला पाकीटबंद न्या. घरचे बेसनाचे लाडू कितीही फर्मास झाले असले तरी पहिल्या भेटीत नकोत. अनोळखी घरातलं खाणं घेताना समोरच्याला संकोच होतो. ओळख वाढली की तेच लाडू ते मागून नेतात.

तोक्योत एकटी राहणारी मंडळी हल्ली असं भेटायला जात नाहीत, काहीजण बेल वाजली तरी दार उघडत नाहीत. राग मानू नका. पुन्हा एकदा जाऊन बघा, नाहीतर दोन ओळींची चिठ्ठी टपालपेटीत टाका.

याचा उपयोग काय होतो ते मी आमच्या संघाच्या बैठकीत बघते. शेजारी ओळखीचे नसतील तर तक्रार 'वरचे परदेशी' अशी येते. ओळखीचे असतील तर 'चौथ्या मजल्यावरच्या बाळाला रात्री झोप येत नाही बहुतेक' अशी येते. आवाज तोच असतो. पण पहिल्या तक्रारीचा कंपनीकडे अर्ज जातो, आणि दुसरीचं काम आमच्यापैकी कुणीतरी वर जाऊन बोललं की होतं.

आता स्वयंपाकघर, कारण आपलं निम्मं आयुष्य तिथे जातं. इथल्या इमारतींत सगळ्या मजल्यांच्या मोऱ्या एकाच उभ्या पाइपाला जोडलेल्या असतात. तळणीचं तेल, कणीक, तुपकट पाणी सिंकमध्ये गेलं की ते त्या पाइपात थिजतं आणि बऱ्याचदा तुंबतं ते खालच्याच्या घरात. तेल गोठवायची पूड शंभर येनच्या दुकानात मिळते. गरम तेलात घालून ढवळायची, गार झालं की वडीसारखा गोळा होतो, तो जळाऊ कचऱ्यात टाकायचा. थोडंच तेल असेल तर जुन्या वर्तमानपत्रात टिपून घ्या.

आणि फोडणी. चुलीवरच्या पंख्याची हवा बहुतेक घरांत बाल्कनीकडे नाहीतर बाहेरच्या सामायिक वाटेवर सोडलेली असते. शेजारी सकाळी आठ-नऊला कपडे आणि गाद्या वाळत घालतो, आणि नेमकी तेव्हाच आपली हिंग-मोहरी तडतडते. वास त्यांच्या चादरींत बसतो. फोडणी बंद करा असं कुणी म्हणत नाही, मी तर रोज करते. पंखा तेल तापायच्या आधी लावा आणि गॅस बंद केल्यावरही पाऊण तास राहू द्या. भिंतीतली हवा आत यायची झडप उघडी ठेवा, ती बंद असली तर या घट्ट घरांत पंखा नुसता आवाज करतो, ओढत काही नाही. जाळी नियमित धुवा. मासे तळायचे असतील तर बाहेर कुणाचे कपडे नाहीत ना, एवढं डोकावून बघा.

बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहा. तोक्योबाहेरच्यांनी तर जरूर लिहा, तिकडच्या पद्धती वेगळ्या असतात.

अबोली_कर्वेनगर

अगदी वेळेवर धागा आला, ताई. आम्ही जूनमध्ये पुण्याहून कावासाकीला येतोय. नवऱ्याच्या कंपनीच्या एजंटने लाकडी इमारतीतलं, वरच्या मजल्यावरचं घर सुचवलंय. भाडं खूपच कमी आहे. पण आमचं पोर दोन वर्षांचं आहे आणि ते चालत नाही, धावतंच. शिवाय मिक्सर आणि कुकर. घ्यावं का हे घर?

नागोयाकर

अबोली, माझं स्पष्ट मत, घेऊ नका. भाडं कमी का आहे त्याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे.

जाहिरातीत इमारतीचा प्रकार लिहिलेला असतो. मोकुझो म्हणजे लाकडी, केइर्यो तेक्कोत्सु म्हणजे हलक्या पोलादी सांगाड्याची, आणि आरसी म्हणजे सिमेंट काँक्रीटची. पहिल्या दोन प्रकारांत शेजाऱ्याचा फोन थरथरला तरी ऐकू येतो. लहान मूल असेल तर आरसी बघा, आणि जमलं तर तळमजला. तळमजल्याला भाडंही थोडं कमी असतं आणि खाली कुणी नसल्यामुळे मुलाला दिवसभर 'हळू चाल, हळू चाल' म्हणत बसावं लागत नाही. आमच्या लेकाचं बालपण तळमजल्यावर गेलं आणि घरातली निम्मी चिडचिड कमी झाली, हे मी खात्रीने सांगतो.

आवाजाचे दोन प्रकार असतात हे बहुतेकांना माहीत नसतं. चमचा पडला, खुर्ची सरकली की होतो तो हलका, टोकदार आवाज. तो गालिचा, फोमच्या जोडचटया, खुर्चीच्या पायांना फेल्टच्या चकत्या यांनी खूप कमी होतो. सगळं शंभर येनच्या दुकानात मिळतं. दुसरा म्हणजे टाच आपटल्याचा, सोफ्यावरून उडी मारल्याचा दणका. तो स्लॅबमधून खाली जातो आणि चटईने फारसा अडत नाही. त्याला जाड स्लॅब किंवा सवय, दोनच उपाय. लोक महागड्या चटया घालतात आणि 'आता काय त्रास आहे यांना' म्हणतात. खालच्याला खरोखरच ऐकू येत असतं.

मिक्सरखाली जाड रबर किंवा दुमडलेला टॉवेल ठेवा आणि तो भिंतीला टेकवू नका. चटणी-वाटण सकाळी आठनंतर आणि रात्री नऊच्या आत. कुकरची शिट्टी इथे कुणाच्या ओळखीची नसते. एका शेजाऱ्याला ती गॅसगळतीची सूचना वाटली होती, तो अगदी घाबरून विचारायला आला. त्याला आत बोलावून कुकर दाखवला, वरणभात खाऊ घातला.

वॉशिंग मशीन रात्री नको. इथे शांततेच्या वेळांचा देशभर एकच कायदा नाही, इमारतीच्या नियमपत्रात जे लिहिलं असेल ते धरायचं. काही लिहिलं नसेल तर रात्री दहा ते सकाळी सात एवढं पाळलं की बहुतेक ठिकाणी भागतं.

पाऊलवाट_योकोहामा

कचऱ्यावर कुणीच लिहिलं नाही अजून? माझ्या अनुभवात शेजाऱ्यांशी बिनसायची सुरुवात तिथूनच होते.

नियम गावागणिक बदलतात. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु गावात तर कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार करतात. शहरांत एवढं नसतं. जळाऊ, न जळणारा, पुनर्वापराचा आणि मोठं सामान, असा ढोबळ हिशेब. वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायला जाल तेव्हाच कचऱ्याचं पत्रक मागून घ्या, इंग्रजीत मिळतं. पिशवी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक हवी. ठरलेल्या दिवशी सकाळीच, बहुतेक ठिकाणी आठच्या आत ठेवायची. आदल्या रात्री ठेवली की कावळे आणि मांजरं ती फोडतात. म्हणूनच त्या ढिगावर जाळी असते. पिशवी जाळीच्या खाली सरकवून कडा नीट दाबा.

महत्त्वाचं म्हणजे चुकीची पिशवी गाडी नेत नाही. त्यावर सूचनेची चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडते. मग तिचं काय होतं? पुष्कळ गल्ल्यांत त्या जागेची सफाई शेजाऱ्यांकडे पाळीने असते. म्हणजे आपली पिशवी समोरची सत्तरीतली बाई उघडते, वेगवेगळी करते आणि पुढच्या गाडीपर्यंत सांभाळते. मी हे डोळ्यांनी बघितलंय. ती बाई हातमोजे घालून एका पिशवीतून ओल्या चहापत्तीत बुडालेल्या बाटल्या काढत होती, तोंडातून चकार शब्द नाही. तेव्हापासून आमच्या घरात बाटल्या विसळून, झाकण आणि वेष्टण वेगळं करूनच बाहेर जातात.

मोठं सामान, तोक्योच्या २३ वॉर्डांत म्हणजे ज्याची एक बाजू ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे ते, फुकट जात नाही. फोनवर किंवा नेटवर दिवस ठरवायचा, कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, तिकीट विकत घेऊन चिकटवायचं. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी ही चार तर महापालिका घेतच नाही, त्यांचा २००१ पासून वेगळा कायदा आहे. दुकानाकडे पैसे भरून परत द्यावी लागतात.

भारतात परत जाताना शेवटच्या रात्री फ्रिज आणि गादी कचऱ्याच्या जागी ठेवून विमानाला जाणारे लोक आहेत. बेकायदा कचरा टाकण्याला इथे ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी येनपर्यंत दंड आहे. दंड एक वेळ सोडा, तो फ्रिज पुढच्या भारतीय कुटुंबाच्या डोक्यावर बसतो. महिनाभर आधी कामाला लागा. सामान घेणारे आपल्याच गटात मिळतात.

हिरवा_चाफा

सगळं वाचलं. सूचना चांगल्या आहेत, पण मला यात काहीतरी खटकतंय आणि ते बोलायलाच हवं.

आम्हाला इथे घर शोधताना 'परदेशी चालत नाहीत' असं तोंडावर सांगितलं गेलं, एकदा नव्हे, अनेकदा. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ साली जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळजवळ ३९ टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. घर मिळाल्यावरही कचऱ्याच्या जागी चुकीची पिशवी दिसली की पहिला फोन आम्हालाच. आमच्या इमारतीत आम्ही एकटेच परदेशी. एकदा पिशवीत जपानी नावाचं बिल सापडलं तेव्हा ते प्रकरण मिटलं, पण त्याआधी मॅनेजमेंटचा माणूस दारात उभा राहून बायकोला कचरा कसा वेगळा करायचा ते हातवारे करून शिकवत होता. माफी कुणीही मागितली नाही.

आपण भेटी घेऊन जायचं, हळू चालायचं, फोडणी वेळ बघून करायची. समोरच्याने काय करायचं? भाडं आपणही तेवढंच भरतो.

कासाईकर (धागाकर्ती)

चाफा, तुमच्या बाबतीत झालं ते चुकीचंच होतं आणि त्याला शेजारधर्माचं पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. नाकारलं जाणं आणि न केलेल्या गोष्टीचा आळ येणं, या दोन्हींवर बोलायलाच हवं.

घर नाकारण्याबद्दल सांगते. २००७ साली क्योतोच्या जिल्हा न्यायालयाने भाडेकरू कोरियन नागरिक आहे म्हणून घर नाकारणाऱ्या मालकाला ११ लाख येन भरपाई द्यायला लावली होती. म्हणजे दाद मागता येते. प्रत्येकाला कोर्टात जाणं जमत नाही हेही खरं. न्याय मंत्रालयाची परदेशी भाषांतली मानवी हक्क हेल्पलाइन आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं. आणि नकाराचं बोलणं शक्यतो ईमेलवर करा, म्हणजे हातात काहीतरी लेखी राहतं.

निशिकासाईत आपली एवढी वस्ती का झाली, त्यामागेही हाच नकार आहे. २००० सालच्या आसपास संगणकवाले इथे येऊ लागले, तेव्हा त्यांना घरं मिळेनात. इथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून राहणारे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी तेव्हा त्यांच्या राहण्याजेवणाची सोय लावायला मदत केली. यूआरच्या घरांना जामीन लागत नाही, घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रेइकिन नाही, दलाली नाही, कराराच्या नूतनीकरणाचे पैसेही नाहीत, आणि परदेशी म्हणून कुणी अडवत नाही. तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं जवळ. लोक आले, टिकले. २०१९ साली आपलेच योगेंद्र पुराणिक आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेही इथल्या जपानी मतदारांच्या मतांवर.

समोरच्याने काय करायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आमच्या वसाहतीत आम्ही तो संघाच्या बैठकीतच मांडला. फलकावरचे कागद आता सोप्या जपानीत आणि इंग्रजीत लागतात. कचऱ्याबद्दल कुणाच्याही दारात जायच्या आधी पिशवी कुणाची ते नक्की करायचं, असं ठरलं. हे बाहेर उभं राहून झालं नसतं. मी भेट घेऊन जा म्हणते ती उपकाराची परतफेड म्हणून नाही. तुमच्यावर आळ आला तर 'नाही, ते तसे नाहीत' असं म्हणणारा एक तरी माणूस इमारतीत असावा म्हणून.

हिरवा_चाफा

हे पटलं. फलक इंग्रजीत लावायचं आमच्याकडेही सुचवून बघतो.

दुपारची_उन्हं

आई-बाबांबद्दल लिहिते, कारण आपल्या सगळ्यांकडे ते ९० दिवसांच्या व्हिसावर येतातच.

करारात घरात कोण कोण राहणार त्यांची नावं असतात. तीन महिने दोन माणसं जास्त राहणार असतील तर इमारतीच्या मॅनेजमेंट कंपनीला आधी कळवा. आमच्याकडे नुसता ईमेल पुरला. न कळवता राहिले आणि शेजाऱ्याने विचारलं, तर उगीच संशय येतो.

माझ्या सासूबाईंना पहाटे पाचला उठायची सवय. पूजेची घंटा, मग देवासमोर उदबत्ती, आणि दार उघडून उंबऱ्यापाशी छोटी रांगोळी. घंटेऐवजी टाळी वाजवायचं त्यांनी स्वतःच ठरवलं. उदबत्तीचा धूर थेट डिटेक्टरखाली गेला तर काही डिटेक्टर वाजू शकतात, म्हणून देवघर खिडकीकडे हलवलं. रांगोळी मात्र आत, चपला काढतो त्या गेंकानमध्ये आली. बाहेरचा कॉरिडॉर सामायिक असतो आणि आगीच्या वेळी पळायची वाट म्हणून मोकळा ठेवावा लागतो. चपलांचा स्टँड, बाबागाडी, सायकल, दिवाळीच्या पणत्या, काहीच तिथे चालत नाही. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढायची सवय, म्हणून पाहुणे आले की मी आधीच सांगते, चपला आत.

बाल्कनीचंही तसंच. दोन घरांमधली पातळ पडदी ही आगीत लाथेने फोडून पलीकडे जाण्यासाठी असते. तिच्यासमोर पोती, कपाट, कुंड्या ठेवल्या तर शेजाऱ्याची वाट बंद. जमिनीत खाली उतरायचं झाकण असेल तर त्यावरही काही नको. आणि पाण्याची पन्हळ दोन-तीन घरांत मिळून एकच असते. बाबांनी पहिल्या दिवशी पुण्याच्या गच्चीसारखी बादलीभर पाण्याने बाल्कनी धुवायला घेतली, तेव्हा ते पाणी पलीकडच्या बाईंच्या चपलांखालून वाहायला लागण्याआधी मी फरशीपुसणं हातात दिलं.

बाबा व्हिडिओ कॉलवर नाशिकच्या मित्रांशी बाल्कनीतून गप्पा मारायचे. आवाज असा की फोन नसता तरी नाशिकला पोचला असता. त्यांना समोरची बाग दाखवली. आता तिथे त्यांची जपानी आजोबांशी रोज सकाळी भेट होते. एकाला जपानी येत नाही, दुसऱ्याला मराठी येत नाही, आणि दोघं मिळून कसरत करतात.

सानपाडा_ते_साइतामा

जिचिकाईचं सदस्य होणं सक्तीचं आहे का? आमच्या दारात एक काका वर्गणी मागायला आले, महिना तीनशे येन. सोबत एक फाइल देऊन गेले, ती कुठे द्यायची तेही कळलं नाही.

कासाईकर (धागाकर्ती)

सक्तीचं नाही. २००५ साली साइतामा प्रांताच्याच सरकारी वसाहतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सदस्याला केव्हाही बाहेर पडता येतं. फक्त जिन्यातले दिवे, सफाई यांचा सामायिक खर्च वेगळा, तो सगळ्यांनाच भरावा लागतो.

ती फाइल म्हणजे काईरानबान. घरोघर फिरणारी सूचनावही. वाचायची, आपल्या नावासमोर सही किंवा शिक्का करायचा आणि यादीतल्या पुढच्या घरी द्यायची. शक्यतो त्याच दिवशी, कारण ती आपल्याकडे अडली की पुढच्या सगळ्यांची सूचना अडते.

माझं मत विचाराल तर व्हा सदस्य. इथे संकटात पहिली मदत शेजाऱ्याचीच होते. एदोगावा वॉर्डातली ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये पुराचा जो नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावरच 'इथे थांबू नका' असं लिहिलं होतं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं. आमच्या भागात स्थलांतराची सूचना निघाली. आमच्या मजल्यावरच्या भारतीय मुलांनी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांची औषधं, पाण्याच्या बाटल्या, गाद्या जिन्याने वर आणून दिल्या. लिफ्ट बंद पडेल या भीतीने कुणी ती वापरत नव्हतं. कुणाच्या घरात कोण एकटं आहे, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला ऐकू कमी येतं, हे त्या मुलांना आधीच माहीत होतं, कारण महिन्यातून एकदा सफाईच्या दिवशी ती त्यांच्यासोबत गवत उपटत होती. आमच्या यूआर वसाहतीत निम्मे जपानी रहिवासी वयस्कर आहेत. त्यांना तरुण हात हवेत, आणि आपल्याला इथलं जाणणारी माणसं.

१ सप्टेंबरच्या आसपास ठिकठिकाणी आपत्तीचा सराव असतो, १९२३ च्या कांतो भूकंपाचा तो स्मृतिदिन. त्याला तरी जरूर जा. मुलांना अग्निशामक नळकांडं हातात धरायला मिळतं, आणि आपल्याला जमायची जागा कुठली ते कळतं.

श्टुटगार्टवाली

अवांतर, पण जर्मनीतही अगदी असंच आहे. आमच्याकडे जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते. पाटी ज्याच्या दाराला अडकवलेली, त्याची पाळी. रविवारी ड्रिल मशीन किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. मला सुरुवातीला जाच वाटायचा. हल्ली पाटी शेजारच्या आजींच्या दाराला असली की त्यांचाही जिना मीच पुसून टाकते, त्या मला अंगणातली सफरचंदं देतात. कासाईकर म्हणतात तसं आधी जाऊन भेटणं इथेही फार उपयोगी पडलं.

अबोली_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. लाकडी घर रद्द केलं. आता काँक्रीटच्या इमारतीत दुसरा मजला बघतोय, तळमजला मिळाला नाही. आणखी दोन शंका. एजंटने पाठवलेल्या कागदांत 'वर्षातून एकदा पाइपसफाई' आणि 'वर्षातून दोनदा आगीच्या उपकरणांची तपासणी' असं आहे. त्या दिवशी घरी थांबावंच लागतं का? आणि खालच्यांकडे पहिल्यांदा गेल्यावर नेमकं काय म्हणायचं? मला जपानी अगदी थोडं येतं.

नागोयाकर

थांबा. पाइपसफाईला तुमच्या सिंकमधून आणि न्हाणीतून नळी घालतात. एक घर बंद राहिलं तर तेवढा भाग तुंबलेलाच राहतो. जमत नसेल तर कागदावर दुसऱ्या तारखेचा पर्याय असतो, तो भरून पाठवा. आणि घरविमा घेताना त्यात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई आहे का ते बघा. वॉशिंग मशीनची नळी निसटून खालच्याच्या छतातून पाणी गळलं, तर ती रक्कम मोठी असते. असं काही झालंच तर आधी नळ बंद करा, मग लगेच खाली जाऊन वाका आणि सांगा, आणि त्यानंतर कंपनीला फोन करा.

कासाईकर (धागाकर्ती)

अबोली, हे पाठ करून जा :

'हाजिमेमाशिते. उए नि हिक्कोशिते किमाशिता' आणि पुढे आडनाव लावून 'देसु. चिइसाई कोदोमो गा इरु नोदे, उरुसाकात्तारा एन्र्यो नाकु ओश्शात्ते कुदासाई. योरोशिकु ओनेगाई शिमासु.'

म्हणजे, वर राहायला आलोय, घरात लहान मूल आहे, त्रास झाला तर संकोच न करता सांगा.

शनिवारी किंवा रविवारी सकाळी दहा ते बारा किंवा दुपारी दोन ते पाच या वेळात जा, जेवणाच्या वेळा टाळा. पोराला सोबत न्या. भेटीच्या पाकिटावर आडनाव काताकाना लिपीत लिहा आणि घराचा नंबर घाला, त्यांना ते टपालपेटीवरच्या नावाशी जुळवता येतं. आत बोलावणार नाहीत, दारातच दोन मिनिटांत होईल. सामान येण्याच्या आदल्या दिवशी गेलात तर फारच उत्तम, कारण ट्रकमुळे वाट अडणार असते, त्याचीही कल्पना देता येईल. कावासाकीत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवलात की कचऱ्याचं इंग्रजी पत्रक तिथेच मागून घ्या.